नांगर कुठे अडला होता?

नांगर तयार होता. बेळगावच्या एका लहानशा कारखान्यात १९०३ साली तो ओतला गेला, जोडला गेला आणि विक्रीला उभा राहिला. लाकडी नांगर जमीन वरवर चिरत जायचा. हा नांगर खाली शिरायचा, मातीचा पट्टा उचलायचा आणि पालथा घालायचा. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत घर करून बसलेली हरळी मुळासकट वर आणण्याची ताकद त्याच्यात होती. परदेशी बनावटीचे असे नांगर तेव्हा मुंबईच्या बाजारात येत होते. हा मात्र बेळगावात, आपल्याच माणसांच्या हातांनी घडला होता.

आणि तो कोणी घेईना.

महिने गेले, वर्ष उलटलं, दुसरंही सरत आलं. नांगर कारखान्यातच पडून होते. शेतकरी यायचे, हात लावून बघायचे, वजनाचा अंदाज घ्यायचे आणि निघून जायचे. गावोगाव एकच कुजबुज होती: लोखंड जमिनीला बाधतं, लोखंडाच्या नांगराने मातीत विष भिनतं, पीक जळतं. कारखान्याचे मालक होते लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. त्यांच्यापुढे एक कोडं उभं राहिलं. यंत्र चांगलं आहे, गरज खरी आहे, तरी विक्री नाही. मग नांगर नेमका अडला कुठे?

पुढे किर्लोस्करवाडी, पंप, तेलावर चालणारी इंजिनं आणि देशभर पसरलेला उद्योगसमूह हे जे काही उभं राहिलं, ते या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभं राहिलं. आपण बहुतेक वेळा त्या उद्योगाचा शेवटचा, भरभराटीचा अध्याय वाचतो. पण खरा शोध लागला तो पडून राहिलेल्या नांगरांच्या दोन वर्षांत. म्हणून ती दोन वर्षं नीट तपासायला हवीत.

रंग न दिसलेला चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचं मन मात्र पाठांतरात रमेना. त्याचा ओढा होता चित्रं काढण्याकडे आणि यंत्रं खोलून बघण्याकडे. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. दोन वर्षं गेल्यावर लक्षात आलं की त्याला काही रंगांतला फरक नीट कळत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणासाठी तो मार्ग तिथेच संपला.

पण रेषा त्याच्या हातात होतीच. त्याने यंत्रांच्या आराखड्यांची चित्रकला धरली आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तीच शिकवायला लागला. शिकवून झालं की त्याचा मुक्काम कर्मशाळेत. तिथे तो यंत्रं चालवायला, सुटी करायला, पुन्हा जोडायला शिकला. परदेशी तांत्रिक मासिकं मिळवायची, त्यातल्या आकृत्या तासन्‌तास न्याहाळायच्या आणि त्यामागचं काम समजून घ्यायचं, हा त्याचा छंद होता. अभियांत्रिकीची पदवी त्याच्याकडे नव्हती. त्याची विद्या होती ती हाताची आणि डोळ्याची.

याच काळात त्याला सायकल दिसली आणि तिने त्याला धंद्यात ओढलं. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा होते. दोघांनी मिळून ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ नावाने सायकली विकायला सुरुवात केली. सायकल तेव्हा नवलाची गोष्ट. ती विकायची तर आधी चालवायला शिकवावी लागे आणि बिघडली तर दुरुस्त करून द्यावी लागे. यंत्र विकलं म्हणजे व्यवहार संपला असं होत नाही. गिऱ्हाईक आणि यंत्र यांची गट्टी जमेपर्यंत विकणाऱ्याला मध्ये उभं राहावं लागतं. हा पहिला धडा लक्ष्मणरावांनी सायकलीच्या दुकानात गिरवला. नांगराच्या वेळी तो पुन्हा गिरवावा लागला, पण फार अवघड परिस्थितीत.

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती दिली गेली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. तिथे लहानशी कर्मशाळा थाटली. शेतकऱ्याला रोज लागेल अशी वस्तू करायची, हे ठरलेलं होतं. आधी हाती घेतलं कडब्याची कुट्टी करण्याचं यंत्र. मग आला नांगर.

माती काय मागते

नांगर का अडला हे कळायचं तर आधी माती समजून घ्यावी लागते आणि त्यासाठी कुंभारीचं शिवार उत्तम. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव येतं. विडी कामगार महिलांसाठी उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीने आणि नंतरच्या रे नगर गृहप्रकल्पाने कुंभारीचं नाव देशभर नेलं. पण हा सगळा टापू मुळात शाळूचा, रब्बी ज्वारीचा. पावसाळ्यात जमिनीने ओल धरून ठेवायची, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं आणि त्या साठवलेल्या ओलीवर थंडीत पीक काढायचं, अशी इथली रीत.

ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असते तेव्हा ती पायाला चिकटून पाय जड करते. वाळली की दगडासारखी होते. या दोन टोकांच्या मध्ये वाफसा असतो तो थोडेच दिवस. त्यातच शेतकऱ्याला सारं उरकायचं असतं. लाकडी नांगराने अशी जमीन खोल काढायची तर बैलांच्या तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपाव्या लागत. एवढे बैल एकट्याच्या दावणीला कुठून असणार? मग सावड करायची, शेजाऱ्याचे बैल घ्यायचे, आपले द्यायचे. म्हणून भारी काळ्या रानात दरवर्षी नांगरट होतच नसे. एरवी कुळवाच्या पाळ्यांवर भागवलं जाई आणि नांगर काही वर्षांतून एकदा लागे.

मधल्या काळात हरळी आणि कुंदा जमिनीचा ताबा घेत. हरळीच्या मुळ्या खोल जातात; वरून खुरपलं तर ती दुप्पट जोमाने येते. लाकडी नांगर माती चिरतो, पण पालथी घालत नाही. दोन तासांच्या मध्ये न फुटलेली जमीन उरते आणि तिथे हरळी सुखाने राहते. तिचा बंदोबस्त एकच: भर उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळं उलथी पाडायची आणि मुळ्या वैशाखाच्या उन्हात करपू द्यायच्या. त्यासाठी पंख असलेला लोखंडी नांगर हवा. फाळ कापतो, पंख उचलतो आणि उलटवतो.

म्हणजे बेळगावपासून सोलापूरपर्यंतच्या काळ्या रानाला लोखंडी नांगराची निकड होती. तरीही शेतकरी त्याच्यापासून दूर राहिला. ‘अडाणीपणा’ म्हणून हा प्रश्न निकालात काढणं सोपं होतं. सुशिक्षितांनी तो तसा काढलाही असेल. पण त्याच अफवेचा माग काढत गेलं, तर आपण फार लांब पोचतो.

विषाची अफवा आणि तिच्या आतलं सत्य

१७९७ साल. अमेरिकेतल्या न्यू जर्सी प्रांतात चार्ल्स न्यूबोल्ड नावाच्या माणसाने बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, नांगराचं पेटंट घेतलं. तिथल्या शेतकऱ्यांनी तो नाकारला. कारण? लोखंडाने जमिनीत विष भिनतं आणि तण वाढतं. बेळगावच्या आधी शंभरहून अधिक वर्षं, सात समुद्रांपलीकडे, गोऱ्या शेतकऱ्यांनी अगदी तेच म्हटलं होतं! न्यूबोल्डने अखेर नाद सोडला.

ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा दोन ठिकाणचे शेतकरी एकच शंका काढतात, तेव्हा तिच्या मुळाशी काहीतरी खरं असतं. ते शोधलं पाहिजे.

पहिलं सत्य मातीतलंच आहे. जमिनीचा वरचा थर शेणखताने, पालापाचोळ्याने, मुळांनी जिवंत झालेला असतो. एकदम खोल नांगरलं तर खालची कच्ची माती वर येते. त्या वर्षी पीक थोडं मागे राहू शकतं. हे ज्याने एकदा पाहिलं त्याला नांगराने जमीन बाधली असं वाटलं, तर त्याची नजर चुकली नव्हती, फक्त कारण चुकलं होतं.

दुसरं सत्य न्यूबोल्डच्या नांगराच्या बनावटीत होतं. तो अखंड ओतलेला होता. फाळ झिजला किंवा टोक मोडलं की सगळा नांगरच निकामी. १८१९ साली जेथ्रो वुड या दुसऱ्या अमेरिकनाने नांगराचे भाग वेगवेगळे ओतले. मोडेल तो भाग बदलायचा, बाकीचा नांगर तसाच राहील. शेतकऱ्यांनी हा नांगर स्वीकारला. लोखंड तेच होतं. मग विष कुठे गेलं? विषाची भीती ही वरची भाषा होती. आतली भीती होती ऐन हंगामात नांगर मोडून रान पडीक राहण्याची.

आता आपल्या गावगाड्याकडे पाहू. लाकडी नांगर बाभळीचा. ते झाड बांधावरच असे. सुतार गावातला, लोहार गावातला. नांगर सकाळी मोडला तर दुपारी तासून मिळे. फाळ बोथटला तर लोहाराच्या भात्यावर शेवटून घेतला की झालं. त्याचे रोख पैसे मोजावे लागत नसत. सुगीला खळ्यावर बलुतं घातलं की वर्षाचा हिशेब चुकता. शिवाय तो खांद्यावर टाकून शेतावर नेता येई. याच्या बदल्यात लोखंडी नांगर काय देत होता? रोख किंमत, जास्त वजन आणि मोडला तर गावात कोणालाही न येणारी दुरुस्ती. ज्याच्या हाती वर्षातून एकदाच रोख पैसा येतो, त्याने एवढी जोखीम का घ्यावी?

शेतकऱ्याचा नकार हा पक्का हिशेब होता. तो त्याने मांडला आपल्या शब्दांत, जमिनीच्या शब्दांत. लक्ष्मणरावांचं मोठेपण हे की त्यांनी गिऱ्हाइकाला दोष दिला नाही. ते पुन्हा नांगराकडे वळले.

कठीण की मऊ?

पहिली लढाई फाळाशी होती. फाळ म्हणजे नांगराचं तोंड. दिवसभर तो मातीत, वाळूत, मुरमात घासत असतो. तो साध्या बिडाचा ओतला तर टोक लवकर झिजतं आणि नांगर जमिनीत शिरायचा थांबतो. परदेशी फाळ जास्त टिकत. त्यांच्या तोडीचा कठीणपणा देशी भट्टीत आणल्याशिवाय देशी नांगराला उभं राहणं शक्य नव्हतं.

या कोड्याचं उत्तर इंग्लंडमधल्या एका ओतशाळेत आधीच सापडलं होतं. इप्सविच गावी रॉबर्ट रॅन्सम नांगराचे फाळ ओतत असे. असं सांगतात की एकदा ओतकामाच्या वेळी साचा फुटला आणि वितळलेलं लोखंड शेजारच्या थंड धातूवर सांडलं. गार झाल्यावर बघतो तर जिथे ते थंड धातूला टेकलं होतं तिथे त्याचा पृष्ठभाग विलक्षण कठीण झालेला. रॅन्समने १८०३ साली आपोआप धार राखणाऱ्या फाळाचं पेटंट घेतलं. बेळगावचा नांगर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी आला.

यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. बिडात कर्ब बराच असतो. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात सावकाश थंड झालं तर तो कर्ब ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो. असं बीड करड्या रंगाचं आणि मऊ असतं. त्याला कानस लागते, भोक पाडता येतं. तेच बीड धातूच्या थंड पाटीला टेकून झपाट्याने गार झालं तर कर्बाला वेगळं व्हायला वेळच मिळत नाही. तो लोखंडाशी जखडून राहतो. हे बीड पांढरं, अतिशय कठीण, कानशीला न जुमानणारं. पण कठीणपणाबरोबर ठिसूळपणाही येतो. सगळाच फाळ पांढऱ्या बिडाचा केला तर पहिल्याच दगडावर त्याचे तुकडे होतील.

मऊ ठेवला तर झिजतो, कठीण केला तर तुटतो. म्हणून फाळाची खालची बाजू थंड धातूवर ओतून कठीण करायची आणि वरची वाळूत सावकाश गार होऊ द्यायची. जमिनीत चालताना वरची मऊ बाजू आधी झिजते, खालची कठीण कड पुढे राहते आणि फाळ चालता चालता स्वतःला धार लावत जातो. हे सगळं साधतं ते बिडाची जात, भट्टीचा ताव, धातूच्या पाटीची जाडी आणि ओतण्याची वेळ यांच्या मेळातून. पुस्तकातून कल्पना मिळते. मेळ मात्र भट्टीसमोर उभं राहूनच जमतो. लक्ष्मणरावांसारख्या मासिकं वाचून यंत्रविद्या शिकलेल्या माणसाने आणि त्याच्या गावठी कारागिरांनी हे कसब हाताखालून घातलं, याचं मोल फार मोठं आहे.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. रॅन्समनेच पुढे १८०८ साली शेतातल्या शेतात बदलता येतील अशा भागांच्या नांगराचं पेटंट घेतलं होतं. विलायती नांगराचा भाग मोडला तर तो बोटीने यायचा. कारखाना बेळगावात असेल तर तोच भाग चार दिवसांत बैलगाडीने पोचू शकतो. देशी कारखान्याचं खरं बळ इथे होतं. स्वदेशीच्या चळवळीला तेव्हा जोर चढत होता, पण नुसत्या भावनेवर नांगर विकला जात नाही. ‘मोडला तर काय?’ या प्रश्नाला उत्तर मिळालं की विकला जातो.

जगभर हेच घडलेलं दिसतं. अमेरिकेच्या मध्य भागातल्या चिकट काळ्या रानात बिडाच्या नांगराला माती चिकटून बसे. इलिनॉय प्रांतातल्या जॉन डीयर या लोहाराने १८३७ साली पोलादाचा गुळगुळीत नांगर घडवला, तेव्हा तिथली शेती मोकळी झाली. रॅन्सम, डीयर, किर्लोस्कर यांतला कोणीही मोठ्या भांडवलाचा धनी म्हणून सुरुवात करणारा नव्हता. प्रत्येक मातीने आपला नांगर मागून घेतला आणि तो दिला त्या मातीजवळच्या माणसाने.

दोन वर्षांनंतर धाडस करणारे पहिले शेतकरी पुढे आले. नांगर रानात उतरला. मग जाहिरातीची गरज राहिली नाही. एकाच्या शेतातली पालथी पडलेली माती आणि वाळून गेलेली हरळी शेजाऱ्याला बांधावरून दिसत होती.

निवडुंगाच्या माळावर

विक्री सुरू झाली तोवर पायाखालची जमीनच गेली. बेळगावात शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा रिकामी करून द्यावी लागली. ओतकामाची भट्टी, यंत्रं, माणसं घेऊन जायचं कुठे? त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. ते स्वतः चित्रकार, कलेचे आणि उद्योगाचे चाहते. त्यांनी जागा देऊ केली आणि कर्जाऊ पैसाही दिला.

जागा होती कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर. पाण्याची वानवा, सगळीकडे निवडुंग, सापांचा सुळसुळाट. तिचा एकच गुण होता: शेजारून रेल्वे जात होती. बीड आणि कोळसा आणायला आणि नांगर पाठवायला हा रस्ता हवाच होता. १० मार्च १९१० रोजी इथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

या माळावर लक्ष्मणरावांनी जी माणसं जमवली ती पाहिली की त्यांच्या शोधाची दुसरी बाजू दिसते. पडून राहिलेल्या नांगरात त्यांनी दोष शोधून गुण उभा केला होता. जगाने बाजूला टाकलेल्या माणसांच्या बाबतीत त्यांनी तेच केलं. शंभूअण्णा जांभेकर यंत्रकामात मुरले. परीक्षांत यश न मिळालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापनाचा भार उचलू लागले. मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी सांभाळू लागले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंता ठरले. आणि सगळ्यांत धाडसाची गोष्ट: शिक्षा भोगून आलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्यावर वसाहतीच्या पहाऱ्याची जबाबदारी दिली गेली. ज्यांच्यापासून राखण करायची असं जग म्हणत होतं, तेच राखणदार झाले आणि विश्वासाला पात्र ठरले. वाडीत शिवाशिवीला थारा नव्हता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली ही गोष्ट आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे तिची उंची कळते.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशातून येणारं लोखंड आटलं. कोळसा मिळेना, रंग मिळेना. भट्टी बंद पडायची वेळ आली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. रयतेचा राजा आणि रयतेचा कारखानदार यांच्या या सहकार्याची आठवण प्रत्येक मराठी पाठ्यपुस्तकात असायला हवी.

१९२० साली कंपनी मर्यादित झाली आणि त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं ते लहानसं पत्रक पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघालं. नांगराच्या कारखान्यातून महाराष्ट्राच्या वैचारिक जीवनाला खतपाणी मिळालं, ते असं. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, हातपंप, मग यंत्रावरचे पंप आणि इंजिनं आली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून १९२६ मध्ये परतलेले चिरंजीव शंतनुराव यांनी पुढची धुरा घेतली. १९४१ साली हरिहरचा, १९४६ साली पुण्याचा आणि बंगळूरचा कारखाना असा विस्तार होत गेला.

१९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला आग लावली गेली. ज्या माळावर निवडुंग उपटून सगळं उभं केलं, तिथे राख उरली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. कारखाना पुन्हा उभा राहिला, पुन्हा चालू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारताच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

पुढचा नांगर

आज कुंभारीच्या शिवारात नांगरट ट्रॅक्टरने होते. सोलापुरात किर्लोस्कर समूहाचा ओतकामाचा कारखाना आहे. तिथे वाहनांचे आणि इंजिनांचे भाग ओतले जातात. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असं आता कोणी म्हणत नाही. मग लक्ष्मणरावांच्या शोधातून आज घ्यायचं काय?

त्यांचा खरा वारसा एक पद्धत आहे: नकार ऐकायचा, त्याच्या मुळाशी जायचं आणि वस्तू बदलायची. ही पद्धत वापरण्याची जागा कुंभारीच्या आसपासच मोकळी पडली आहे. शाळूची काढणी घ्या. सोलापूर जिल्ह्यात मालदांडी ज्वारी आजही बहुतांशी हातानेच उपटली जाते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात वाकून ताटं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, म्हणून शेतकरी शाळू सोडून दुसऱ्या पिकाकडे वळतो. कापणी-मळणीची मोठी यंत्रं बाजारात आहेत, पण इथला शेतकरी त्यांना सहजी शिवारात घेत नाही. का? त्याला दाण्याइतकाच कडबा हवा असतो. कडबा म्हणजे गोठ्यातल्या जनावरांचं वर्षभराचं पोट आणि विकला तर हातात पडणारा रोख पैसा. यंत्र दाणे वाचवतं आणि कडब्याचा चुरा करतं. १९०३ सालचा नकार आज वेगळ्या रूपात समोर उभा आहे आणि याही वेळी शेतकऱ्याचा हिशेब पक्का आहे.

सोलापुरात आणि आसपास अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, तंत्रनिकेतनं आहेत, औद्योगिक वसाहतींत लहान लहान कर्मशाळा आहेत. तिथल्या प्रत्येक तरुणाला आणि त्याच्या शिक्षकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. शाळूच्या काढणीच्या दिवसांत शेतात जा. ताटं उपटणाऱ्या बाईशी बोला, यंत्र नाकारणाऱ्या शेतकऱ्याशी बोला. तो ‘नको’ म्हणतो तेव्हा वाद घालू नका. ते ‘नको’ वहीत लिहून घ्या आणि कर्मशाळेत त्याच्यावर काम करा. मुळासकट ताट उपटणारं, कडबा अखंड ठेवणारं, दोन-चार एकरवाल्याला परवडणारं आणि मोडलं तर तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारं यंत्र ज्याला जमेल, तो या जिल्ह्याची ज्वारी वाचवेल. लक्ष्मणरावांकडे पदवी नव्हती, भांडवल नव्हतं, रंग ओळखणारी नजर नव्हती. गिऱ्हाइकाचं म्हणणं मनापासून ऐकायची तयारी तेवढी होती. ती आज कोणालाही ठेवता येते. ती ठेवा आणि कामाला लागा.